हाताने घडविलेले यंत्र : डॉ. होमी भाभा

पाठ्यपुस्तकातले डॉ. होमी भाभा आपणा सर्वांना ठाऊक आहेत. अणुभट्टी, ट्रॉम्बे आणि विमान अपघात एवढ्यात त्यांची ओळख आटोपते. आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा विज्ञानाशी संबंध दहावीनंतर तुटलेला. त्यामुळे त्या ओळखीत पुढे भर पडत नाही. परंतु आज भूमच्या बाजारात खवा घेऊन येणारा शेतकरीसुद्धा पैसे खात्यावर जमा झाले की नाहीत हे काचेवर बोट ठेवून पाहतो, आणि वर्तमानपत्रात क्षेपणास्त्रांच्या नि ड्रोनच्या बातम्या नेहमीच्या झाल्या आहेत. ही बोटाखालची काच आणि ते क्षेपणास्त्र ही दोन्ही एकाच घराण्यातली. त्या घराण्याचे नाव इलेक्ट्रॉनिक्स. भारतात या विद्येला हक्काचे घर मिळावे म्हणून ज्यांनी धडपड केली त्यांत भाभांचे नाव फार वरचे आहे. त्यांच्या चरित्राची ही बाजू फारशी सांगितली जात नाही, म्हणून हा लेख.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील जहांगीर भाभा बॅरिस्टर होते. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी, त्यामुळे टाटांच्या घरी मुलाची ये-जा असे. पोलादाचे कारखाने, जलविद्युत यांसारखे विषय त्याच्या कानांवर लहानपणापासूनच पडत होते. घरात पुस्तके होती, पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या, चित्रकलेचे शिक्षण होते. एवढी अनुकूलता आपल्यापैकी कोणाच्या वाट्याला येणार नाही हे खरे. पण अनुकूलता मिळालेली माणसे पुष्कळ असतात आणि त्यांतले भाभा थोडेच होतात.

कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असे शिक्षण मुंबईत झाल्यावर १९२७ साली ते केंब्रिजला गेले. तेथे यंत्र अभियांत्रिकी शिकून परतावे आणि जमशेदपूरच्या कारखान्यात रुजू व्हावे, असा घरच्यांचा बेत होता. मुलाचे मन मात्र पदार्थविज्ञानात गुंतले. १९२८ मध्ये त्याने वडिलांना पत्र लिहून आपल्याला या विषयाशिवाय दुसऱ्या कशात रस नाही हे स्पष्ट कळविले. वडील संतापले नाहीत. अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालास तर पुढे गणित शिकण्याचा खर्च देईन, अशी अट त्यांनी घातली. १९३० साली ती अट पुरी झाली. घरातल्या या तडजोडीचा देशाला झालेला फायदा मोठा आहे. भाभा पुढे सैद्धान्तिक शास्त्रज्ञ म्हणून नावाजले, पण यंत्र कसे बनते, नकाशा कसा वाचायचा, कारखान्यात कोणते काम किती दिवसांत होते, हे त्यांना अंगच्या विद्येने कळत असे. कागदावर समीकरणे सोडविणाऱ्या माणसाला हे ज्ञान सहसा नसते.

केंब्रिजच्या त्या काळात अणूच्या गर्भातले एकेक रहस्य उलगडत होते. १९३२ साली पॉझिट्रॉन सापडला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचे गणित भाभांनी मांडले आणि ते १९३६ साली प्रसिद्ध झाले. आजही जगभर त्याला भाभा विकिरण या नावाने ओळखतात. पुढल्याच वर्षी वॉल्टर हाइट्लर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती सांगितली. विश्वकिरणांतील एक वेगवान कण वातावरणात शिरतो, त्यातून दोन निर्माण होतात, दोनांतून चार, आणि जमिनीजवळ येईतो कणांचा पाऊस होतो, असे तिचे स्थूल स्वरूप. १९४१ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले तेव्हा त्यांचे वय एकतीस वर्षांचे होते.

तोवर ते भारतात अडकले होते. १९३९ मध्ये सुटीवर म्हणून आले, सप्टेंबरात महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या विभागात त्यांनी काम स्वीकारले. सुरुवातीला हा तात्पुरता मुक्काम असावा. परंतु चार-पाच वर्षांत त्यांचे मन पालटले. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा न्यासाचे प्रमुख सर सोराब सकलातवाला यांना एक पत्र धाडले. मूलभूत संशोधनाची उत्तम संस्था येथेच उभारावी. आणखी एक-दोन दशकांनी अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, ते घरातच तयार असावेत, असा त्या पत्राचा आशय होता. हिरोशिमावर बाँब पडण्याच्या सुमारे दीड वर्ष आधीचे हे पत्र आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या दृष्टीचा पल्ला कळतो. १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगलोरात सुरू झाली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात आली. १९४८ मध्ये अणुशक्ती आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या भूमपासून परंडा दूर नाही. परंड्याचा किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी सहलीत पाहिलेला असतो. आज विजापूरला असलेली मलिक-ए-मैदान ही अजस्र तोफ एकेकाळी या परंड्याच्या किल्ल्यावर होती. १५४९ साली ती अहमदनगरला ओतली गेली. ओतणारा कारागीर मुहम्मद बिन हसन रूमी हा तुर्कस्तानाकडून आलेला. १६३२ साली ती परंड्याहून विजापूरला नेली. त्या काळचे ते अत्याधुनिक शस्त्र होते, आजच्या भाषेत शस्त्रप्रणाली म्हणा. परंतु धातूंचे प्रमाण किती, साचा कसा बांधायचा, एवढा मोठा रस कसा ओतायचा ही विद्या त्या परक्या कारागिराच्या हातात होती. शस्त्र बाहेरून मागविलेल्या हाताने घडविले, की ते मिरविता येते, ओढून नेता येते. त्याच्या पुढचे शस्त्र मात्र घडविता येत नाही. दख्खनच्या सुलतानांचे जे झाले तेच स्वतंत्र भारताचे होऊ नये, या चिंतेने भाभांना पछाडले होते असे मला वाटते. परंड्याची तोफ त्यांना ठाऊक होती की नाही हा प्रश्न वेगळा.

पहिली कसोटी अप्सरेची. ट्रॉम्बेला पहिली अणुभट्टी उभारायचे ठरले तेव्हा ती तयार विकत घेता आली असती. भाभांनी इंधन तेवढे इंग्लंडकडून घेतले. आराखडा, बांधकाम आणि नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक साधने येथल्याच अभियंत्यांकडून करवून घेतली. सुमारे दीड वर्षात काम झाले आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी भट्टी सुरू झाली. पाण्याच्या हौदात निळसर उजेड फाकणाऱ्या त्या भट्टीला पंडित नेहरूंनी अप्सरा हे नाव दिले. ए. एस. राव यांच्या हाताखाली ट्रॉम्बेचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग याच कामातून वाढला. किरणोत्सर्ग मोजणारी उपकरणे, नियंत्रणाचे फलक, वीजपुरवठ्याचे संच, सगळे तेथेच बनू लागले. परदेशी मालाच्या मानाने ते ओबडधोबड असेल. बिघडले की दुरुस्त करणारा मात्र शेजारच्या खोलीत असे.

दुसरी कसोटी संगणकाची, आणि ती मला अधिक मोलाची वाटते. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ च्या सुमारास इंग्लंडहून एक संगणक आणविला होता. भाभांच्या संस्थेतील काही तरुणांनी मात्र संगणक बांधायला घेतला. त्यांचे नेतृत्व आर. नरसिंहन यांच्याकडे होते. गटातल्या बहुतेकांनी तोवर संगणक वापरलाही नव्हता. अशा पोरांच्या हाती पैसा आणि वेळ देणे याला हिंमत लागते. १९५६ च्या अखेरीस छोटा नमुना चालू झाला आणि १९६० साली पूर्ण यंत्र कामाला लागले. अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच अशा पोलादी सांगाड्यात ते बसविलेले होते. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. स्मृतीसाठी फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवलेल्या. ४० अंकांचा एक शब्द असे २,०४८ शब्द त्यात मावत. हिशेब केला तर ही सगळी स्मृती १० किलोबाइट भरते. आपण मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा तीत बसणार नाही. कागदी फितीला भोके पाडून आज्ञा द्यायच्या, उत्तर टंकयंत्रावर घ्यायचे. शिवाय उत्तर दाखविण्यासाठी या मंडळींनी दूरदर्शन संचासारखी एक पडद्याची नळीही जोडली होती. १९६२ साली नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले.

यावर आक्षेप घेता येतो आणि तो घेतलाही पाहिजे. टिफ्रॅक पुरा होईतो जगात निर्वात नलिकांचे दिवस संपत आले होते, ट्रान्झिस्टरचे यंत्र बाजारात आले होते. १९६४ साली संस्थेनेच अमेरिकेहून सी.डी.सी. ३६०० हा मोठा संगणक आणविला आणि थोड्याच काळात टिफ्रॅक निवृत्त झाला. मग चार-पाच वर्षांची मेहनत फुकट गेली काय? यंत्राच्या दृष्टीने पाहिले तर गेली. परंतु अमेरिकन यंत्र आले तेव्हा त्याच्यासमोर बसणारी माणसे तयार होती. इतर संस्थांतली मंडळी आपली गणिते घेऊन मुंबईला येत होती, आज्ञावली लिहायला शिकत होती. विकत आणलेल्या यंत्राबरोबर अशी माणसे मिळत नाहीत.

भाभांचा स्वभाव हट्टी, ऐटबाज, सौंदर्याच्या बाबतीत तर अतिशय चोखंदळ. कुलाब्याच्या समुद्रकाठी संस्थेची नवी इमारत उभी राहिली. तिचे उद्घाटन १५ जानेवारी १९६२ ला झाले. बांधकामाच्या खर्चापैकी एक टक्का रक्कम त्यांनी चित्रांसाठी वेगळी काढविली. हुसेन, गायतोंडे, आरा हे चित्रकार तेव्हा आजच्याइतके थोर मानले जात नव्हते. भाभांनी त्यांची चित्रे निवडून भिंतींवर लावली. रस्त्यासाठी झाड तोडणे त्यांना खपत नसे, मोठाली झाडे मुळासकट उचलून दुसरीकडे लावीत. स्वतः उत्तम रेखाचित्रे काढीत, केंब्रिजमध्ये नाटकांची नेपथ्येही त्यांनी केली होती. लग्न केले नाही. गरीब देशात हा थाट कशाला, अशी टीका त्यांच्यावर झाली. ती अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. पण प्रयोगशाळा सुंदर असावी असे वाटणारा हा माणूस आमच्या कला शाखेला जवळचा वाटतो, एवढे कबूल केले पाहिजे.

१९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनशी युद्ध झाले. हिमालयातल्या पराभवाची कारणे अनेक होती; त्यांत संदेशवहनाच्या साधनांची दुरवस्था हे एक होते. बिनतारी संच, रडार, तोफांची मोजमापे घेणारी साधने या सर्वांसाठी आपण परदेशावर विसंबून होतो हे सरकारच्या लक्षात आले. ऑगस्ट १९६३ मध्ये भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमण्यात आली. विक्रम साराभाई, संरक्षण मंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार एस. भगवंतम् आणि ए. एस. राव हे इतर सदस्य. संगणक, दूरसंदेश, रेडिओ, रडार, लष्कराची उपकरणे यांचा एकत्र विचार करून दहा वर्षांचा आराखडा या समितीने आखला. रेडिओच्या कारखान्यात आणि रडारच्या कारखान्यात लागणारे सुटे भाग सारखेच असतात. ते सुटे भाग येथे बनले नाहीत तर वरचे सगळे डोलारे उसने राहतील, हा त्यातला मुख्य विचार.

तो किती योग्य होता याचा दाखला त्याच सुमाराला इंग्लंडात मिळत होता. १९६५ साली माल्व्हर्न येथील सरकारी रडार संशोधन केंद्रातील ई. ए. जॉन्सन यांनी बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना प्रसिद्ध केली. विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या माणसाला कळफलकावर अक्षरे शोधत बसायला नको, पडद्यावरच बोट ठेवावे, हा हेतू. आपल्या शरीरातून वीज वाहू शकते. पडद्यावर अल्प विद्युतभार खेळविला आणि तेथे बोट टेकले, की त्या जागचा भार किंचित बदलतो, आणि तो बदल कोठे झाला हे यंत्र हुडकून काढते. आपल्या मोबाइलची काच याच तत्त्वावर चालते. म्हणजे आज लहान मूल जिच्याशी खेळते त्या काचेची पाळेमुळे एका लष्करी रडार केंद्रात आहेत. शस्त्राचे इलेक्ट्रॉनिक्स वेगळे आणि संसाराचे वेगळे, अशी भिंत कोठेच नाही.

आणि येथेच भाभांच्या चरित्रातला अवघड भाग येतो. ज्या हातांनी अप्सरा घडविली त्या हातांना बाँबही घडविता येतो. १९५५ साली जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासंबंधी संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली तेव्हा अध्यक्षस्थानी भाभा होते. तेच भाभा १६ ऑक्टोबर १९६४ च्या चिनी अणुस्फोटानंतर आठ दिवसांनी आकाशवाणीवर बोलले. त्या भाषणात त्यांनी नि:शस्त्रीकरणाची गरज सांगितली, आणि त्याच ओघात अमेरिकेतल्या आकड्यांच्या आधारे दहा किलोटनांच्या स्फोटाचा खर्च साडेसतरा लाख रुपये पडतो असेही मांडले. ऐकणाऱ्यांना दोन्ही अर्थ घेता आले. कॅनडाच्या मदतीने उभारलेली आणि १९६० मध्ये सुरू झालेली सायरस भट्टी शांततेसाठी होती. १९७४ च्या मे महिन्यात पोखरणला जो स्फोट झाला त्याचे प्लुटोनियम तिच्यातूनच आले, आणि कॅनडाने सहकार्य तोडले. तो स्फोट भाभांच्या पश्चात आठ वर्षांनी झाला. तरी ती वाट त्यांनी बुद्धिपुरस्सर खुली ठेवली होती याविषयी मला शंका वाटत नाही. आपल्या महाविद्यालयात यावर वादविवाद स्पर्धा घेतली तर दोन्ही बाजूंना बोलायला भरपूर मिळेल. माझे मत विचाराल तर, वाट खुली ठेवण्यात त्यांचे चुकले नाही. पण ती खुली आहे हे लोकांना सरळ सांगितले असते तर बरे झाले असते.

११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदला लालबहादूर शास्त्रींचे निधन झाले. २४ जानेवारीला इंदिरा गांधींचा पंतप्रधानपदाचा शपथविधी होता. त्याच दिवशी सकाळी एअर इंडियाचे कांचनगंगा हे बोइंग विमान जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असता आल्प्समधील मॉन्ट ब्लँक शिखरावर आदळले. त्यातील ११७ जणांपैकी कोणीही वाचले नाही. भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेच्या बैठकीसाठी निघाले होते. वय छप्पन. घातपाताच्या वदंता तेव्हापासून आजतागायत चालू आहेत. फ्रेंच चौकशीत जे निघाले ते वेगळेच आहे. विमानातल्या दिशादर्शक रेडिओ यंत्रांपैकी एक बंद होते. शिखर मागे पडले अशी वैमानिकाची समजूत झाली होती. जमिनीवरच्या नियंत्रकाने रडारवर पाहून ते अजून पाच मैल पुढे असल्याचे कळविले, पण त्या शब्दांचा उलगडा नीट झाला नाही आणि विमान खाली उतरत राहिले. देशात चांगली रेडिओ यंत्रे आणि रडार बनावीत म्हणून शेवटची अडीच वर्षे अहवाल लिहिणाऱ्या माणसाचा मृत्यू असा व्हावा, याला काय म्हणावे?

समितीचा अहवाल १९६६ सालीच बाहेर आला, पण त्याच्यामागे जोर लावणारा माणूस राहिला नव्हता. सरकारी चक्र आपल्या गतीने फिरले. ट्रॉम्बेच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातून १९६७ साली हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन निघाली. ट्रॉम्बेला आखलेला टी.डी.सी. १२ हा संगणक १९६९ मध्ये तयार झाला. केंद्रात इलेक्ट्रॉनिक्सचे स्वतंत्र खाते व्हायला १९७० उजाडले. मधल्या काळात जपान, तैवान, कोरिया पुढे निघून गेले. पुण्याच्या पाषाणमधील संरक्षण संशोधन केंद्राने पिनाक हे अग्निबाण सोडणारे शस्त्र घडविले आणि १९९९ च्या कारगिल युद्धात त्याची परीक्षाही झाली. म्हणजे शस्त्रांच्या बाबतीत काही पल्ला आपण गाठला. मोबाइलच्या पोटातली चकती मात्र बहुतांशी बाहेरूनच येत राहिली. भाभांनी सुट्या भागांविषयी जी काळजी केली होती, ती अशी खरी ठरली.

त्यांच्या कामाचे धागे अनपेक्षित ठिकाणी सापडतात. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात स्पर्शाने चालणारे पडदे बनवून कणांच्या मोठ्या त्वरकाचे नियंत्रण त्यांवर केले गेले. त्याच प्रयोगशाळेत १९८९ ते २००० पर्यंत जो इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन त्वरक चालला, त्यातल्या टकरींचे प्रमाण मोजायला भाभा विकिरणाचेच गणित वापरीत. आणि आपल्याकडे पाहायचे तर मराठवाड्यात उडीद पेरणाऱ्याला टी.ए.यू. १ हे वाण परके नाही. त्यातला टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला आणि यू म्हणजे उडीद. किरणांचा मारा करून पिकांची नवी वाणे काढण्याचे जे काम ट्रॉम्बेला चालते त्यातून आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने १९८५ साली ते आले.

मलबार हिलवरील त्यांचे मेहरानगीर हे घर बंधू जमशेद भाभांनी जपले होते. त्यांच्या पश्चात ते राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राकडे गेले. तेथे संग्रहालय व्हावे अशी शास्त्रज्ञांची मागणी होती. २०१४ साली घराचा ३७२ कोटी रुपयांना लिलाव झाला आणि २०१६ मध्ये ते पाडले. कुलाब्याची संस्था मात्र आहे, तिच्या भिंतींवरची चित्रे आहेत, समुद्राकडेची बाग आणि झाडे आहेत. सहलीसाठी मुंबईचा विचार निघाला तर आधी पत्र पाठवून परवानगी काढावी लागेल.